फट

कंपनीची गाडी दारात थांबली
तेव्हा मी बटाटे सोलत होते.
"इर्मट्राउट कोटहाउस?" ड्रायव्हरनं विचारलं.
म्हटलं, हो, अजून तरी.

एकतीस वर्षं ट्रॉलीबसनं
मी त्याच फाटकाशी उतरले.
फाटकावरचा पितळी बगळा आता नाही,
त्याच्या पायांचे दोन स्क्रू
तेवढे राहिलेत भिंतीत, गंजून.

वरच्या मजल्यावर सहाजण बसलेले.
एक मुलगी, आणि पाच पुरुष,
पाचही दाढीवाले.
"जुना सेफ्टी रेझर परत काढायचा म्हणतोय," त्यातला एक म्हणाला,
"एकच पातं. जड मूठ. तीन सुटे भाग.
लोक प्लास्टिकला विटलेत.
नकाशे मात्र सापडत नाहीत."

सापडतील कसे?
ब्याऐंशीच्या हिवाळ्यात, साचे भंगारात गेले त्या दिवशी,
फोरमन लुकहाउसनं ते कँटीनच्या शेगडीत घातले
आणि त्या जाळावर आम्ही वाफल भाजले,
वर गरम चेरी.
कुणी काही बोललं नाही.
वाफल चांगले झाले होते,
हेही सांगायला हवं.

तर फट.
पातं आणि दात्यांच्या मधली.
सगळा रेझर म्हणजे ती फट,
बाकी नुसती मूठ.
कमी पडली तर खुंट तसेच राहतात,
जास्त झाली तर उशीच्या अभ्र्यावर रक्त.
आकडा नकाशात होता, पण मी तो पट्टीनं ओळखायची:
पोलादी पट्टी आत सरकते,
आणि ओढून घेताना किंचित "हं" म्हणते.
नुसतीच सरकली तर डावीकडच्या पेटीत.
अडलीच तर उजवीकडच्या.
"हं" म्हणाली तरच पुढे.

मी विचारलं, पातं कुणाचं बसणार?
दाढ्या खाली वळल्या.
मुलगी म्हणाली, "आपलंच. आत एक बारीकसा खुंट असेल,
दुसरं पातं बसूच नये म्हणून."
टाचणीच्या डोक्याएवढा खुंट!
केसानं गळा कापणं म्हणतात
ते इतक्या जवळून मी कधी पाहिलं नव्हतं.

माझा रुडी ट्रिएस्टच्या स्टेशनवर
कुठल्या कुठल्या देशांची पाती विकत घ्यायचा,
कागदावरची लिपीही वाचता यायची नाही.
सगळी बसायची आमच्या रेझरात,
पाहुणी बसतात तशी, जरा अवघडून, पण बसायची.

आकडा जिभेवर होता.
चुकीचा सांगावा असंही मनात येऊन गेलं.
पण त्या आकड्याच्या पलीकडे
कुणाची तरी हनुवटी होती,
सकाळची, घाईतली, अर्धवट झोपेतली.
सांगितला. खरा सांगितला.
त्यांनी मला एक फुलांचा गुच्छ दिला
आणि गाडीनं परत सोडलं.
बटाटे काळे पडले होते.

ऑक्टोबरात तो दुकानाच्या काचेत दिसला,
अक्रोडाच्या पेटीत, मखमलीवर निजलेला,
किंमत माझ्या महिन्याच्या वाणसामानाएवढी.
आत जाऊन हातात घेतला.
पर्समधली पट्टी काढली. (ती मी परत केलीच नव्हती कधी.)
घातली. ओढली.
"हं."

नाव ठेवायला जागाच नव्हती.
फक्त तो खुंट होता.

शेजारचा युनूस डिसेंबरात घेऊन आला तो रेझर,
वडिलांना भेट मिळालेला,
कंपनीची पाती संपलेली, नवी परवडेनात.
मी कानस शोधली.
दोन मिनिटं, तीही चष्मा सापडेना म्हणून.

आता शनिवारी चार-पाच जण येतात.
टेबलावर वर्तमानपत्र अंथरते,
त्यावर क्रोमचे बारीक कण पडतात.
परवा ती कंपनीतली मुलगी आली होती,
भावाचा रेझर घेऊन,
कुठे बघावं तिला कळेना.
म्हटलं, बस. वाफल करतेय.
आण इकडे.